वादाआधीची साक्ष

वनहक्काच्या दाव्याची पडताळणी करायला वनहक्क समिती शेतावर जाते तेव्हा बहुतेकदा कागद थोडे आणि माणसे पुष्कळ असतात. बांध, जुनी झाडे, विहीर, घराचे जोते दाखवले जाते, कच्चा नकाशा निघतो, पंचनामा होतो. मग गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाचे म्हणणे लिहून घेतात. तो स्वतः दावेदार नसावा लागतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन कोण कसत आले, हे तो सांगतो आणि त्याच्या शब्दांखाली सही किंवा अंगठा उमटतो. वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांतील नियम 13 ने अशा कथनाला पुराव्याचे स्थान दिले. 2012 च्या दुरुस्तीने वरच्या समित्यांना बजावले की विशिष्ट कागदाचाच हट्ट धरू नका. जव्हार आणि मोखाडा या अनुसूचित क्षेत्रातील तालुक्यांत, जिथे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या पिढ्या सातबाऱ्याशिवाय जमीन कसत आल्या, तिथे हा नियम फार मोलाचा ठरला.

याच कायद्याच्या कलम 3(1)(ट), म्हणजे इंग्रजी प्रतीतील 3(1)(के), या तरतुदीत आणखी एक हक्क आहे: जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक बौद्धिक संपदेचा. जमिनीच्या हक्काची जितकी चर्चा झाली त्या मानाने या हक्काची फारच थोडी झाली. म्हणून एक प्रश्न इथे नीट मांडायला हवा. उद्या एखाद्या कंपनीने एखाद्या मुळीच्या, सालीच्या किंवा बियाण्याच्या उपयोगावर पेटंट मागितले आणि तो उपयोग इथल्या पाड्यांवर पूर्वापार माहीत असला, तर जाणत्या माणसाचा तोच शब्द पेटंटच्या वादात टिकेल का? तो कोणापुढे नोंदवायचा, केव्हा नोंदवायचा, आणि कोणी तो फसवून मिळवला असेल तर काय? या तीन प्रश्नांवर अमेरिकेत, युरोपात आणि आपल्याकडे काय घडले त्याचा हा आढावा.

लिहिलेल्या शब्दाचा वरचष्मा

पेटंट मिळायचे तर शोध नवा हवा. तो नवा नाही हे दाखवणाऱ्याने आधीच्या ज्ञानाचा पुरावा द्यायचा असतो. 1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक, मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेने 1996 मध्ये फेरतपासणीची मागणी केली आणि 1997 मध्ये पेटंट कार्यालयाने हे दावे फेटाळले. हा विजय बत्तीस लिखित संदर्भांवर उभा होता. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि 1953 मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. घरोघरच्या आयाबायांची साक्ष कोणी मागितली नव्हती. मागितली असती तरी उपयोग नव्हता, कारण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील ज्ञान छापील स्वरूपात असेल तरच मोजले जाई. केवळ वापरातले, बोलण्यातले ज्ञान अमेरिकेच्या भूमीवर असेल तरच त्याला किंमत होती. 16 मार्च 2013 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही भिंत पडली. आता जगात कुठेही लोकांना उपलब्ध असलेले ज्ञान विचारात घेता येते.

तरी दुसरी अडचण उरतेच. अमेरिकी न्यायालये तोंडी साक्षीकडे फार सावधपणे पाहतात. काटेरी तारेच्या पेटंटवरील 1892 च्या प्रसिद्ध निकालात चोवीस साक्षीदारांनी सांगितले होते की आयोवातील एका जत्रेत अशी तार आम्ही कित्येक वर्षांपूर्वी पाहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसे मानले नाही. माणसाची आठवण काळाने पुसट होते, नंतर पाहिलेली वस्तू आधी पाहिल्यासारखी वाटते आणि साक्षीदाराचा कल ज्याच्या बाजूने असतो तिकडे ती झुकते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तेव्हापासून तोंडी साक्षीला स्वतंत्र दुजोरा हवा, हा तिथला पक्का नियम झाला. आपल्या वनहक्क नियमांतही एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घ्यावेत असेच सांगितले आहे. दोन्हीकडची मागणी वाजवी आहे. बोललेला शब्द खोटा म्हणून दुजोरा मागितला जात नाही. तो एकटा असला की त्याच्यावर हल्ला करणे सोपे जाते, म्हणून मागितला जातो.

तोंडी शब्दाने युरोपात पेटंट पाडल्याचे उदाहरण मात्र महाराष्ट्राच्याच माणसाचे आहे. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना युरोपीय पेटंट मिळाले होते. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील ग्रीन गटाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेती संघटनांचा जागतिक महासंघ यांनी 1995 मध्ये त्याला हरकत घेतली. मे 2000 मध्ये म्युनिकच्या सुनावणीत पुण्याचे उद्योजक अभय फडके साक्षीला उभे राहिले. 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबोळीच्या अर्काच्या चाचण्या आपण घेतल्या होत्या, हे त्यांनी आधी शपथपत्रावर दिले होते. पेटंट विभागाने त्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. पेटंट रद्द झाले आणि 2005 मध्ये कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. साक्ष देणाऱ्याकडे तारखा, जिल्हे, पद्धत सगळे होते आणि तो स्वतः सांगायला हजर होता, हे या प्रकरणात ध्यानात घेण्यासारखे आहे.

खटल्याआधीचे सात तास

अमेरिकी संघीय न्यायालयांत पेटंटचा खटला ज्युरीपुढे जाण्याच्या कितीतरी आधी वकिलांच्या कचेरीत बऱ्यापैकी लढला जातो. तिथे साक्षीदाराला बसवून, शपथ देऊन, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर जबानी घेतात. तिला डिपॉझिशन म्हणतात. न्यायाधीश खोलीत नसतात. लघुलेखक शब्द न् शब्द टिपतो, पुष्कळदा चित्रीकरणही होते. संघीय दिवाणी नियमांतील नियम 30 प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय एका बाजूला अशा दहा जबान्या घेता येतात आणि प्रत्येक जबानी एका दिवसात, सात तासांत उरकावी लागते. वकील हरकत नोंदवू शकतो, पण साक्षीदाराने उत्तर द्यायचेच असते. वकील-अशिलातील गोपनीय बोलणे राखणे, न्यायालयाने घातलेली मर्यादा पाळणे आणि छळवणूक थांबवण्यासाठी न्यायालयाकडे जाणे, एवढ्याच कारणांसाठी गप्प राहायला सांगता येते. कंपनीलाही साक्षीदार बनवता येते. मग तिने आपल्या वतीने तयारी करून माणूस पाठवायचा आणि त्याचे शब्द कंपनीचे शब्द ठरतात.

या जबानीचे वजन काय, हे गिलियाड विरुद्ध मर्क या खटल्यात स्पष्ट दिसते. हिपॅटायटिस सी वरील सोफोसबुव्हिर या औषधाचा हा वाद. गिलियाडने पुढे विकत घेतलेल्या फार्मासेट कंपनीची मर्कशी बोलणी सुरू होती. 2004 च्या मार्चमधील एका दूरध्वनी बैठकीत फार्मासेटने आपल्या रेणूची रचना सांगितली, ती गोपनीयतेच्या करारावर. मर्ककडून ऐकणारा माणूस याच विषयातील पेटंटचे काम करणारा नसावा, हे ठरलेले होते. प्रत्यक्षात मर्कचे पेटंट वकीलच त्या बैठकीत होते. नंतर त्यांनीच कंपनीच्या अर्जातील दावे असे बदलले की फार्मासेटचा रेणू त्यांच्या कक्षेत यावा. खटल्यापूर्वीच्या जबानीत कंपनीचा प्रतिनिधी म्हणून त्यांनी शपथेवर सांगितले की मी त्या बैठकीत नव्हतो. खटल्यात बैठकीच्या नोंदी समोर आल्या आणि ते मान्य करावे लागले. 2016 मध्ये ज्युरीने मर्कला 20 कोटी डॉलर देऊ केले होते. न्यायाधीश बेथ लॅबसन फ्रीमन यांनी ते सगळे रद्द केले, कारण मळलेल्या हातांनी न्याय मागता येत नाही. एप्रिल 2018 मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला. मर्कच्या पेटंटचा गुणदोष काहीही असो, माहिती कशी मिळवली आणि तिच्याबद्दल शपथेवर काय सांगितले, यावर निकाल फिरला.

क्वालकॉम विरुद्ध ब्रॉडकॉम या पेटंट खटल्यात क्वालकॉमची साक्षीदार उलटतपासणीत एका जुन्या ईमेल-यादीबद्दल बोलून गेली आणि दडवलेली 46 हजारांहून अधिक कागदपत्रे उघडी पडली. 2008 मध्ये कंपनीला 85 लाख डॉलरहून अधिक भरावे लागले. चोरून आणलेला कागद आणि दडवून ठेवलेला कागद या एकाच अप्रामाणिकपणाच्या दोन बाजू आहेत, आणि तिथली न्यायालये दोहोंसाठी दंड करतात, पुरावा वगळतात, प्रसंगी दावाच निकाली काढतात.

जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मात्र नियम 27 आहे. खटला दाखल होण्याआधीच, साक्ष हरवण्याचा धोका असेल तर, न्यायालयाच्या परवानगीने ती नोंदवून ठेवता येते. म्हातारा किंवा आजारी साक्षीदार वादाची वाट पाहत थांबू शकत नाही, हे त्या नियमाने ओळखले आहे. अमेरिकी पक्षाला मोखाड्यातल्या माणसाची साक्ष हवी असेल तर 2007 पासून भारताला लागू झालेल्या हेग पुरावा कराराचा रस्ता आहे. नुसती कागदपत्रे धुंडाळण्यासाठी आलेली विनंती भारत पुरी करत नाही, पण माणसाची साक्ष भारतीय न्यायालयामार्फत घेता येते.

आपली रीत

आपल्याकडे वकिलांनी खटल्याआधी साक्षीदाराला बसवून जबानी घेण्याची पद्धत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रश्नावली पाठवणे, कागदपत्रे उघड करायला लावणे, सरतपासणी शपथपत्रावर देणे आणि उलटतपासणी न्यायालयात किंवा कोर्ट कमिशनरपुढे घेणे, असा क्रम आहे. 2015 च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने पेटंटच्या दाव्यांत शिस्त कडक केली. आपल्याजवळचे सर्व संबंधित कागद, ते आपल्या विरुद्ध जाणारे असले तरी, दाव्याबरोबरच द्यावे लागतात. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये पेटंट दाव्यांसाठी वेगळे नियम केले. व्यापारी गुपिते थोड्याच जणांनी पाहावीत यासाठी गोपनीयता गट, आणि तज्ज्ञांना एकत्र बसवून ऐकण्याची सोय त्यांत आहे. साक्षीदार न्यायालयाच्या हद्दीबाहेर जाणार असेल किंवा तसेच पुरेसे कारण असेल तर त्याला ताबडतोब तपासता येते, पण दावा दाखल झाल्यावरच.

पाड्यावरच्या माणसाचा संबंध दाव्यापेक्षा पेटंट कार्यालयातील हरकतीशी येण्याची शक्यता जास्त. आपल्या क्षेत्राचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही माणूस हरकत घेऊ शकतो, फक्त 2024 च्या नियमदुरुस्तीने तिच्यावर शुल्क आले. आणि इथे भारतीय कायदा खरोखर पुढे आहे. पेटंट कायद्याचे कलम 3(पी) पारंपरिक ज्ञानाला शोध मानतच नाही. कलम 25 मध्ये हरकतीचे एक कारणच असे आहे की हे ज्ञान भारतातील किंवा अन्यत्रच्या स्थानिक समाजात, तोंडी किंवा अन्य स्वरूपात, आधीपासून उपलब्ध होते. अमेरिकेने 2013 नंतर जे मान्य केले ते आपण त्याच्या दशकभर आधी, आणि ‘तोंडी’ असे स्पष्ट म्हणून मान्य केले.

पण प्रक्रियेत तो शब्द अडतो. कलम 79 नुसार नियंत्रकापुढील पुरावा सामान्यतः शपथपत्राने द्यायचा असतो, तोंडी साक्ष आणि उलटतपासणी नियंत्रकाला योग्य वाटली तर. दाखल होणारे इतर कागद सामान्यतः हिंदी किंवा इंग्रजीत हवेत. मोखाड्यातील खोडाळ्याच्या बाजूच्या पाड्यावरील एखादी वयस्क सुईण जे वारलीत सांगेल ते आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग वकिलाच्या शपथपत्राच्या साच्यात जाते. या प्रवासात ऋतू, झाडाचे वय, कोणत्या बाजूची साल, किती उकळायची हे तपशील गळतात, आणि शोध जुना आहे हे ठरवताना नेमके तेच तपशील लागतात. जुलाबावर कुड्याची साल देतात हे आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. 2001 मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयात असे ग्रंथस्थ ज्ञान परदेशी पेटंट परीक्षकांना वाचता येते. पण एखाद्या पाड्यावर ती साल दुसऱ्या कशात मिसळून वेगळ्याच आजारावर देत असतील, तर त्याची नोंद कोणत्याच ग्रंथात सापडणार नाही.

वाममार्गाने आलेला पुरावा

आता तिसरा प्रश्न. पुरावा खरा आहे, पण तो चोरून, फसवून किंवा लपून मिळवला आहे. तो ऐकावा का?

या विषयावरील आपला पायाभूत निकाल मुंबईचा आहे. आर. एम. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर. एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत त्यांनी डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता, आणि दूरध्वनीवरील संभाषण पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1972 मध्ये ठरवले की पुरावा गैरमार्गाने मिळवला असला तरी तो संबंधित आणि अस्सल असेल तर ग्राह्य आहे. त्यानंतर पूरणमल खटल्यात प्राप्तिकराच्या धाडीबाबत हेच तत्त्व घटनापीठाने मांडले, आणि 2019 मध्ये राफेल कागदपत्रांच्या प्रकरणातही त्याचाच आधार घेतला गेला. विधी आयोगाने 1983 मध्ये आपल्या 94 व्या अहवालात सुचवले होते की असा पुरावा न्यायाची अप्रतिष्ठा करणारा असेल तर तो नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला स्पष्टपणे द्यावा. ती सूचना कायद्यात आली नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ही जागा भरली नाही. 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, तेव्हापासून हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. अमेरिकेतही खासगी पक्षांमधील दिवाणी वादात असा पुरावा आपोआप बाद होत नाही, पण तिथे न्यायाधीशांकडे वर पाहिलेली शिक्षेची हत्यारे आहेत.

याचा पाड्याशी संबंध थेट आहे. मोबाईलवर वैदूचे बोलणे नकळत टिपून घेणारा माणूस अभ्यासक असेल, कंपनीचा असेल किंवा चांगल्या हेतूचा कार्यकर्ता असेल. मलकानीच्या तत्त्वाने ते चित्रीकरण ग्राह्य ठरू शकते. फक्त इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते, हे 2020 मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातील खोतकर निकालाने पक्के केले. म्हणजे आज कायदा पुराव्याच्या यंत्राबद्दल जितका काटेकोर आहे तितका बोलणाऱ्याच्या संमतीबद्दल नाही. हे बदलायला हवे.

दुसरी बाजू अशी की ज्ञानच गैरमार्गाने नेले असेल तर पेटंट कायदा त्याची दखल घेतो. हरकतीच्या कारणांच्या यादीत पहिलेच कारण शोध गैररीत्या मिळवल्याचे आहे. जैविक सामग्रीचे मूळ आणि भौगोलिक स्थान न सांगणे किंवा चुकीचे सांगणे हेही हरकतीचे कारण आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याचे कलम 6 अशा सामग्रीवरील पेटंटसाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी किंवा तिथे नोंदणी घेण्याची अट घालते. मे 2024 मध्ये जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी जनुकीय संसाधने आणि पारंपरिक ज्ञानावर करार स्वीकारला, त्याचा गाभाही मूळ उघड करण्याचीच अट आहे. कायद्याची दिशा योग्य आहे. उणीव आहे ती गावाजवळ तयार पुराव्याची.

साक्ष आधी घ्या

पुरावा कायद्यात एक जुने तत्त्व आहे, ते नव्या अधिनियमातही टिकले आहे. सार्वजनिक हक्क किंवा रूढीबद्दल मृत व्यक्तीने केलेले कथन संबंधित धरले जाते, जर ते वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले असेल. पेटंटमधील पारंपरिक ज्ञानाला हे कलम कुठवर लागू करायचे यावर युक्तिवाद होऊ शकतो. पण त्यामागचा विचार निर्विवाद आहे: भांडण नसताना सांगितलेला शब्द स्वार्थापासून दूर असतो. काटेरी तारेच्या निकालाचा आक्षेपही त्याने बराच सौम्य होतो, कारण मग आठवण कित्येक वर्षांनी उकरावी लागत नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही करताना ती साक्ष म्हणून टिकेल अशी करावी. नोंदवहीत नागली, वरई, भाताची वाणे, रानभाज्या, औषधी झाडे येतातच. त्याबरोबर सांगणाऱ्याचे कथन त्याच्याच बोलीत, तारखेसह, दोन स्वतंत्र जाणत्यांच्या दुजोऱ्यासह आणि झाडाच्या वाळवलेल्या नमुन्यासह नोंदवावे. वनहक्क समित्यांना पंचनामा आणि जाणत्याचे कथन यांची सवय आहे. तेच हात हे काम करू शकतात. संमती लेखी घ्यावी आणि कथन गावाबाहेर कोणाला दाखवायचे, हे ग्रामसभेने ठरवावे.

इथे एक अवघड निवड आहे. नोंद जगजाहीर केली तर तिने परक्याचे पेटंट अडते, पण ज्ञानही उघडे होते. मोहोरबंद ठेवली तर ज्ञान गावाचे राहते, पण परदेशी परीक्षकाला ते दिसत नाही. सरसकट एकच उत्तर देणे चूक ठरेल. सर्वांना माहीत असलेले उपयोग खुले करावेत, मोजक्या घराण्यांकडे असलेले ज्ञान मोहोरबंद ठेवावे, आणि भारतीय कायदा समाजात उपलब्ध असलेल्या तोंडी ज्ञानालाही मानतो या बळावर हरकतीच्या वेळीच ते पुढे आणावे.

पेटंट कार्यालयानेही तीन पावले टाकावीत. मराठीतील आणि आदिवासी बोलींतील कथने मूळ रूपात दाखल करून घ्यावीत आणि भाषांतर स्वतः करवून घ्यावे. साक्षीदार वयस्क असेल तर जव्हारच्या न्यायालयात दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घ्यावी. संमतीविना टिपलेले कथन कोणत्याही बाजूने आणले तरी त्याचे वजन कमी धरावे. शुल्क आणि वकील यांची अडचण सुटण्याजोगी आहे, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे, आणि तो न्यायिक स्वरूपाचे काम करणाऱ्या प्राधिकरणांपुढेही चालतो.

कंपन्यांकडे वकील आहेत, प्रयोगवह्या आहेत, तारखांच्या नोंदी आहेत. त्यांचा पुरावा रोजच्या कामातून आपसूक तयार होतो. जव्हार-मोखाड्यातील ज्ञानाचा पुरावा आपसूक तयार होत नाही, तो मुद्दाम करावा लागतो. कायद्याने तोंडी ज्ञानाला मान्यता देऊन वीसहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात ते सांगणारे किती जाणते गेले आणि त्यांच्याबरोबर किती साक्ष गेली, याचा विचार जैवविविधता मंडळाने, आदिवासी विकास विभागाने आणि ग्रामसभांनी आता करायलाच हवा. कथने नोंदवण्याचे काम पुढच्या हरकतीची वाट न पाहता याच वर्षीच्या ग्रामसभांतून सुरू व्हावे, कारण वाद पुढे ढकलता येतो, साक्षीदाराचे वय ढकलता येत नाही.